ऑब्सिडियनचा मणी आपोआप तडकतो का? (निगा, खरं-खोटं आणि समजुती)

शलाका – मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. ऑब्सिडियनच्या चार वस्तू समोर आहेत आणि त्यांच्याबद्दल नेटवर जे सापडतं ते एकमेकांना छेद देणारं आहे. म्हणून इथे विचारते.

१) काळ्या मण्यांचं ब्रेसलेट. ८ मिमीचे २३ मणी, इलॅस्टिकमध्ये ओवलेले. एक मणी भोकापासून तडकलाय. विकणाऱ्यांकडून उत्तर मिळालं की खड्याने वाईट ऊर्जा ओढून घेतली की तो तडकतो. खरं कारण काय असू शकतं?

२) चांदीत बसवलेलं अंडाकृती पेंडंट. त्यात सोनेरी झाक आहे, पण वर धुकं धरल्यासारखं दिसतं. टूथपेस्टने घासा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे.

३) "हिरवं ऑब्सिडियन" म्हणून मिळालेला स्वच्छ, पारदर्शक, बाटलीच्या काचेसारखा तुकडा.

४) स्नोफ्लेक ऑब्सिडियनची अंगठी. रोज घालायची आहे.

शिवाय हे खडे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून "शुद्ध" करायचे असतात म्हणे. त्याने खड्याला काही होतं का? आणि ऑब्सिडियनच्या जादूच्या आरशाच्या ज्या गोष्टी सांगतात, त्यात तथ्य किती?

भूस्तर

तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. ऑब्सिडियन खडा म्हणून विकला जातो, पण ती काच आहे. काटेकोरपणे बोलायचं तर खनिजसुद्धा नाही, कारण खनिजाला ठरावीक स्फटिकरचना लागते आणि इथे ती नाही. माणसाने नाही तर ज्वालामुखीने केलेली काच, इतकाच फरक.

"लाव्हा झटकन थंड झाला की ऑब्सिडियन होतो" हे पाठ्यपुस्तकी वाक्य अर्धवट आहे. बेसाल्टचा लाव्हाही पाण्यात पडून झटकन थंड होतो, पण तो पातळ असतो, अणू सहज सरकतात आणि स्फटिक धरतात. काच झालीच तर वरच्या सालीपुरती. ऑब्सिडियनचा लाव्हा रायोलाइटी, म्हणजे सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) भरपूर असलेला; तिचं प्रमाण साधारण ७० ते ७६ टक्के. तो इतका चिकट असतो की अणूंना आपापल्या जागी जाऊन बसायला सवडच मिळत नाही. म्हणून तर ऑब्सिडियनचे कित्येक मीटर जाडीचे अख्खे प्रवाह सापडतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या न्यूबेरी ज्वालामुखीवर असा एक प्रवाह आहे, वय जेमतेम १,३०० वर्षं.

आता कामाचे आकडे. कठिनता (मोह्सच्या १ ते १० मापावर) ५ ते ५.५, म्हणजे चाकूच्या पोलादाच्या आसपास. विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) बहुधा २.३५ ते २.४५. वक्रीभवनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) १.४८ ते १.५१. भंजन शंखाभ: फुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा गोलाकार लाटा दिसतात आणि दोन लाटांच्या सांध्यावर भयानक धार येते. नीट काढलेल्या पात्याची धार काही नॅनोमीटर इतकी बारीक भरते, त्यामुळे फुटलेला मणी बोटांनी गोळा करू नका. चिकटपट्टीने उचला.

रंगांबद्दल थोडंसं, कारण पुढे निगा राखताना ते उपयोगी पडेल. काळेपणा येतो मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या सूक्ष्म कणांमुळे. तपकिरी पट्टे (महोगनी) लोहाच्या ऑक्साइडचे. सोनेरी किंवा रुपेरी झाक म्हणजे लाव्हा वाहताना चपटे होऊन एकाच दिशेने पसरलेले वायूचे बुडबुडे. इंद्रधनुषी जातीत पायरॉक्सीन या खनिजाच्या अतिसूक्ष्म काड्यांचे थर असतात. स्नोफ्लेकमधले पांढरे ठिपके म्हणजे क्रिस्टोबलाइट, सिलिकाचे स्फटिक: काच स्फटिक व्हायला निघाली आणि अर्ध्यात थांबली. यातला एकही रंग उन्हाने उडत नाही. उडाला तर तो रंग नव्हता, लेप होता.

सुईदोरा

मण्यापुरतं बोलते. भोकापासून निघालेला तडा म्हणजे नव्वद टक्के दोष भोक पाडण्याचा.

मण्याला भोक हिऱ्याच्या सुईने दोन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पाडायचं असतं, तेही पाण्याखाली. घाईत एकाच बाजूने आरपार काढलं तर सुई बाहेर पडते त्या तोंडाशी काचेचे बारीक टवके उडतात. भिंगातून बघा, तडकलेल्या मण्याच्या एका तोंडाशी कुरतडल्यासारखी कड दिसेल. ते टवके म्हणजे तड्याची सुरुवात. पुढे एखादा धक्का, टेबलावर आपटणं, किंवा हिवाळ्यात थंडगार हात गरम पाण्याच्या नळाखाली धरणं, एवढं पुरतं. काच उष्णता सावकाश आत नेते. बाहेरचा भाग प्रसरण पावतो, आतला तसाच असतो आणि ताण येतो तो नेमका त्या कुरतडलेल्या कडेवर.

दुसरं म्हणजे मणी मण्यावर आपटणं. ८ मिमीचा ऑब्सिडियनचा मणी साधारण ०.६३ ग्रॅम भरतो, २३ मण्यांचे साडेचौदा ग्रॅम. इलॅस्टिक सैल असलं की हात झटकताना ते एकमेकांवर ठोकले जातात. फार घट्ट असलं तर भोकांच्या धारा इलॅस्टिक कापतात, आणि मग सगळेच जमिनीवर. त्यामुळे:

– इलॅस्टिक ०.८ मिमीचं, दुहेरी ओवा. ओवण्याआधी ते चार-पाच वेळा ताणून घ्या, नाहीतर आठवड्याभरात सैल पडेल.
– प्रत्येक भोकाच्या तोंडाशी हिऱ्याची टोकदार कानस ओली करून हाताने तीन-चार वेळा फिरवा. धार मोडते. यंत्र लावू नका.
– गळ्यात घालायची माळ असेल तर इलॅस्टिक नकोच. रेशमी किंवा नायलॉनचा दोरा, आणि मोत्यांच्या माळेत घालतात तशी दर दोन मण्यांमध्ये गाठ. मणी एकमेकांना लागत नाहीत, आणि दोरा तुटला तर एकच मणी पडतो.

तडकलेला मणी चिकटवून परत ओवू नका. काढून टाका.

निमूट

टूथपेस्ट चालते हो. काच टूथपेस्टने साफ होते हे जगजाहीर आहे. बोटावर घ्या, गोल गोल घासा, धुवा.

घासकाम

@निमूट, चष्म्यावरचा डाग जाईल, पण पॉलिशची वाट लागेल. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि ती प्रत्येक पेस्टमध्ये वेगळी. तिच्या दाण्याचा आकार आपल्याला माहीत नसतो. झिलई देण्याचं सगळं काम दाण्याच्या आकारावरच चालतं, तेव्हा आकार माहीत नसलेली पूड उत्तम पॉलिशवर फिरवण्यात अर्थ नाही. चरा जाईल आणि त्या जागी मंद झालेला पट्टा राहील.

शलाका, आधी ते धुकं म्हणजे थर आहे की ओरखडे, हे ठरवा. टेबल-लॅम्प अगदी आडवा धरा आणि दहापट भिंगातून बघा. थर असेल तर ढगासारखा, सलग दिसतो, बोटाचे ठसेही दिसतात. ओरखडे असतील तर दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील.

थर असला तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. वाहत्या पाण्यात धुवा आणि चष्म्याच्या कापडाने टिपा. टिपा म्हणतोय, पुसा नाही. घरातल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, क्वार्ट्‌झची कठिनता ७. कोरड्या कापडाने "जरा पुसून" ठेवणं हीच ऑब्सिडियनवरच्या जाळीदार ओरखड्यांची मुख्य वाट आहे. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मग कापड.

अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफेची सफाई दोन्ही टाळा. सराफाकडे चांदीची साखळी डाग द्यायला (जोडायला) दिलीत तर पेंडंटमधला खडा आधी काढून घ्यायला सांगा. ज्योतीजवळ खडा राहिला तर तडकतोच. आणि कोंदणात खडा चिकटवलेला असला तर उष्णतेने चिकटद्रव्यही जातं.

ओरखडे असतील तर घासावं लागेल. पद्धत अशी.

चांदीवर दोन थर मास्किंग टेप लावा, खड्याच्या कडेला अगदी भिडवून. ओरखडा नखाला लागत नसेल तर सँडपेपरकडे वळूच नका, थेट सिरियम ऑक्साइड. ही फिकट गुलाबी-पिवळी पूड काच घासण्यासाठीच असते. ती नुसती खरवडत नाही, काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रियाही होते, म्हणून काचेवर तिच्याइतकं चांगलं काही नाही. चमचाभर पुडीत थेंब थेंब पाणी घालून पातळ ऑइलपेंटइतकी करा. जाडसर फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं कापड) ओलं करून त्यावर ही पेस्ट लावा आणि हाताने, बेताचा दाब देत, ठिपक्यावर न थांबता पूर्ण पृष्ठभागावर फिरवा. हाताने अर्धा तास लागतो. फिरत्या यंत्रावर करायचं असेल तर सगळ्यात कमी वेग. दहा-दहा सेकंद टेकवायचं, उचलायचं, खडा ओठाला लावून बघायचा. कोमट लागला की थांबा. फेल्ट सुकत आलं की ते खड्याला खेचू लागतं, चमक नेमकी तेव्हा झपाट्याने येते, आणि खडेही नेमके तेव्हाच तडकतात. मोह आवरा, पाणी शिंपडा.

नख अडकत असेल तर मागे जावं लागतं: ६००, मग १२००, मग ३००० चा पाण्यात चालणारा सिलिकॉन कार्बाइड कागद (आकडा मोठा तितका दाणा बारीक), खाली रबराचा मऊ तुकडा. एका कागदाने घासल्यावर पुढचा कागद काटकोनात फिरवायचा, म्हणजे मागच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. मधे खडा, हात, ताट, सगळं धुवायचं. ६०० चा एक दाणा ३००० च्या कागदावर आला की एक लांबलचक चरा उठतो, आणि अख्खं काम पुन्हा पहिल्यापासून. खड्याची कड उघडी असेल तर आधी तिला ६०० वर ४५ अंशात अर्धा मिलिमीटर उतार द्या, नाहीतर टवके उडतात.

एक सावधगिरी फक्त सोनेरी झाकेसाठी. ती झाक बुडबुड्यांच्या थराला समांतर कापलं तरच दिसते. घासताना पृष्ठभागाचा कोन बदलला तर खडा चकचकीत होईल आणि झाक एका कोपऱ्यात सरकेल किंवा गायब होईल. त्यामुळे खोल चरा असेल तर तो तसाच राहू द्यावा, असं माझं मत. झाक घालवून चकाकी मिळवण्यात काय हशील?

आणि हो, कोरडं घासायचं नाही. साध्या काळ्या ऑब्सिडियनची पूड तरी अस्फटिकी सिलिका असते, स्नोफ्लेकमध्ये क्रिस्टोबलाइट असतं, म्हणजे स्फटिकी सिलिका. तिची धूळ फुफ्फुसाला वाईट. मास्क, गॉगल, पाणी.

भूस्तर

अंगठीचा प्रश्न राहिला. रोज नको. ५.५ कठिनतेचा खडा बोटावर म्हणजे दाराच्या कड्या, चाव्या, भांडी, टेबलाच्या कडा, सगळ्यांशी गाठ. घालायचीच असेल तर खड्याला चहूबाजूंनी धातूची कड असलेलं बंद कोंदण हवं. चार नख्यांवर उभा केलेला खडा कडेला टवका खाणारच. त्याची उंचीही कमी हवी. कानातलं आणि पेंडंट ही ऑब्सिडियनची खरी जागा.

स्नोफ्लेकमध्ये आणखी एक भानगड आहे. ठिपके काचेपेक्षा कठीण असतात. मऊ फेल्टवर खूप वेळ घासलं तर काच जास्त झिजते, ठिपके उंच राहतात आणि पृष्ठभागाला हाताला जाणवेल असा खरबरीतपणा येतो. त्यासाठी कडक पॅड हवं.

मीठ: काचेला काही होत नाही. मिठाच्या स्फटिकाची कठिनता २.५ आहे, ते ऑब्सिडियनला चराही पाडू शकत नाही. नुकसान होतं ते चांदीचं. ती काळवंडते, जोडातल्या डागावर खड्डे पडतात, आणि इलॅस्टिकमध्ये मीठ सुकून बसलं की ते आतून कापतं. साध्या पाण्यात तर अजिबातच भीती नाही. ऑब्सिडियन पाणी शोषतो हे खरं आहे, पण हजारो वर्षांत काही मायक्रॉन. हा वेग इतका संथ आणि इतका उपयोगी आहे की पुरातत्त्वात त्यावरून हत्यारांचं वय काढतात. फ्रीडमन आणि स्मिथ यांनी १९६० मध्ये ही पद्धत मांडली. घाव घालून नवा पृष्ठभाग उघडा पडला की त्या क्षणापासून पाण्याचं घड्याळ सुरू होतं.

शलाका

खूप धन्यवाद. भिंगातून पाहिलं: पेंडंटवर दोन्ही आहे, वर थर आणि खाली कोळ्याचं जाळं. नख अडकत नाही. तडकलेल्या मण्याच्या एका तोंडाशी कुरतडलेली कडही आहे.

पण मणी खरे आहेत की काळी काच, हे घरी कसं कळेल? गरम सुई टोचून बघा असं वाचलं. आणि हिरव्या तुकड्याचं?

घासकाम

गरम सुई प्लास्टिक ओळखायला. काचेला सुई लावून तुम्ही फक्त तडा पाडाल. ओरखडा पाडून बघण्याची चाचणीही निरुपयोगी, कारखान्यातली काच तितकीच कठीण असते.

वजन करून बघा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्य करा. खडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळत धरा, तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो खड्याने सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याचं हवेतलं वजन भागिले तो आकडा, झालं विशिष्ट गुरुत्व. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर भोकात हवेचे बुडबुडे अडकून उत्तर कमी येतं.

एकटा मणी मोजू नका. त्याने सारलेलं पाणी भरेल ०.२६ ग्रॅम. काट्याची ०.०१ ची चूक म्हणजे जवळपास ४ टक्के, त्यात काहीच कळणार नाही. सगळे मणी एका दोऱ्यात ओवून एकदम बुडवा.

काय अपेक्षित: ऑब्सिडियन २.४ च्या आसपास. ऑनिक्स म्हणून विकला जाणारा काळा कॅल्सेडनी २.६. काळा टुर्मलीन ३ च्या वर. जेट (दगडी कोळशासारखा काळा खडा) १.३, तो हातातच हलका लागतो. घरगुती काच साधारण २.५.

शलाका

२२ मणी (तडकलेला वगळून): हवेत १३.८० ग्रॅम, पाण्यात ५.७५. भागाकार २.४०.

हिरवा तुकडा: हवेत ३१.२० ग्रॅम, पाण्यात १२.४०. म्हणजे २.५२.

घासकाम

मणी ऑनिक्स नाहीत आणि टुर्मलीन नाहीत एवढं नक्की. ऑब्सिडियन असण्याला आकडा पोषक आहे, पण पुरावा नव्हे, कारण काचेचं रसायन बदललं की तिचं विशिष्ट गुरुत्वही बदलतं. आता तो तडकलेला मणी कामाला आणा. फडक्यात गुंडाळून फोडा (गॉगल!) आणि त्याची पातळ कपची मोबाइलच्या टॉर्चपुढे धरा. ऑब्सिडियनची कड धुरकट राखाडी किंवा तपकिरी दिसते, आत धुळीसारखे सूक्ष्म कण किंवा वाहण्याच्या दिशेने ओढलेल्या रेघा दिसतात. कारखान्यातल्या काळ्या काचेची कड बरेचदा जांभळट किंवा गडद हिरवी निघते आणि आत वाटोळे, सुटे, फुगीर बुडबुडे असतात. शंका उरलीच तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आणि वक्रीभवनांक, दोन्ही मिळून निकाल लागतो.

भूस्तर

हिरव्याचं उत्तर आकड्याआधीच वर्णनात होतं. नैसर्गिक हिरवं ऑब्सिडियन असतं, सगळ्यात नामांकित मेक्सिकोतल्या पाचुकाजवळच्या सिएरा दे लास नाव्हाहासचं. पण ते काळपट हिरवं, जाड तुकड्यात काळंच वाटणारं, आणि तिरपं धरल्यावर सोनेरी झाक मारणारं. स्वच्छ पारदर्शक हिरवा, निळा, गुलाबी तुकडा बहुधा कारखान्यातली काच किंवा धातूच्या भट्टीतली मळी (स्लॅग). तुमच्या तुकड्यात वाटोळे बुडबुडे दिसले तर विषय संपला. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या राखेपासून बनवलेली हेलेनाइट नावाची हिरवी काचही मिळते. राख खरी, पण काच माणसाने वितळवलेली.

आणखी एक गल्लत पेंडंटसाठी तपासून बघा. "गोल्डस्टोन" नावाची काच असते, तिच्यात तांब्याचे चपटे स्फटिक चमकतात. भिंगाखाली एकेक त्रिकोणी-षटकोनी टिकली सुटी दिसते. ऑब्सिडियनच्या सोनेरी झाकेत टिकल्या दिसत नाहीत, उजेडाची एक सलग चादर असते आणि खडा फिरवला की ती सरकते. आणि गडद इंद्रधनुषी रंग फक्त वरवर, कडेला खरवडल्यासारखा उडालेला दिसला तर तो धातूचा लेप.

धूसर

आरशाबद्दल लिहितो, बाकीचं वर झालंय.

मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत ऑब्सिडियनला इत्झ्त्ली म्हणत. त्यांच्या मोठ्या देवांपैकी एकाचं नाव तेझ्कात्लिपोका, अर्थ "धुरकट आरसा". चित्रांमध्ये त्याच्या एका पावलाच्या जागी बऱ्याचदा आरसाच काढलेला असतो. त्यांच्या लढाईतलं माकुआवित्ल हे हत्यार म्हणजे लाकडी फळी आणि तिच्या दोन्ही कडांना खोबणीत बसवलेली ऑब्सिडियनची पाती. तेव्हा एकाच द्रव्याचा आरसाही आणि धारही.

आता "धुरकट" का, हे भूस्तर यांच्या आकड्यातच आहे. वक्रीभवनांक १.५ असलेल्या काळ्या काचेवर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के परत येतो, बाकीचा आत शोषला जातो. चांदीचा मुलामा दिलेला आरसा ९० टक्क्यांच्या वर परत देतो. म्हणून घासलेल्या ऑब्सिडियनमध्ये चेहरा दिसतो, पण खोल विहिरीत वाकून पाहिल्यासारखा, गडद, कडा विरघळलेल्या. रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात अगदी हेच नोंदवलंय: भिंतीत बसवलेला हा दगड प्रतिमेऐवजी सावली दाखवतो. नावाची कथाही त्याचीच. ओब्सियस नावाच्या माणसाला इथिओपियात हा दगड सापडला असं तो सांगतो, आणि पुढे हस्तलिखितांच्या नकलांमध्ये त्या नावात एक "ड" घुसला.

अंधाऱ्या खोलीत एका मेणबत्तीच्या उजेडात अशा आरशात दहा मिनिटं एकटक पाहिलं तर कोणालाही काही ना काही हलताना दिसेल. डोळा अपुऱ्या उजेडात स्वतःच भर घालतो. "जादू" तेवढी.

ज्या आरशाच्या गोष्टी तुम्ही ऐकल्यात तो बहुधा जॉन डी यांचा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पदरी असलेला गणिती, ज्योतिषी, देवदूतांशी बोलायला धडपडणारा माणूस. त्यांचा म्हणून ओळखला जाणारा काळा गोल आरसा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०२१ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने त्याचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झालं आणि तो पाचुकाचा निघाला. दर ज्वालामुखीच्या काचेत झिर्कोनियम, रुबिडियम अशा मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, ते ठशासारखं जुळवता येतं. म्हणजे आरसा खराखुरा मेक्सिकोतला. देवदूत त्यात दिसले का, ते यंत्राच्या कक्षेबाहेरचं.

आरसे अझ्टेकांच्या फार आधीपासूनचे आहेत. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुकला नवाश्मयुगातले घासलेले ऑब्सिडियनचे आरसे सापडलेत, सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा ना सिरियम ऑक्साइड होतं ना कागद. हाताने, ओल्या बारीक पुडीने, किती दिवस कोण जाणे.

"अपाची अश्रू" नावाचे छोटे गोल काळे गोटे विकले जातात, त्यांची दंतकथा ॲरिझोनातल्या सुपिरियर गावाजवळच्या कड्याची. घोडदळाने घेरल्यावर अपाची योद्ध्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या आणि त्यांच्या बायकांचे अश्रू दगड झाले. भूशास्त्र वेगळं सांगतं, पण तेही सुंदर आहे. ऑब्सिडियनमध्ये पाणी शिरत गेलं की कांद्याच्या पाकळ्यांसारख्या भेगा पडून त्याचा पर्लाइट नावाचा राखाडी दगड होतो, आणि जिथे पाणी पोचलं नाही तो गाभा काळाभोर गोटा बनून राहतो.

मूलाधार चक्र, नकारात्मक ऊर्जा शोषणं वगैरे जे ऑब्सिडियनच्या पाकिटावर छापलेलं असतं ते आधुनिक क्रिस्टल-हीलिंगचं देणं आहे, यातल्या कोणत्याही जुन्या परंपरेचं नाही. त्याला शास्त्रीय आधारही नाही. ज्याला घालून बरं वाटतं त्याने जरूर घालावं. पण मण्याच्या भोकातला टवका विकणाऱ्याच्या अंगावर न येता "वाईट ऊर्जे"च्या खात्यात जातो, हे मात्र फारच सोयीचं आहे!

निमूट

टूथपेस्टचं मागे घेतो. चांदण्यात ठेवलं तर चालतं का मग?

घासकाम

चालतं की. फक्त खिडकीच्या कठड्यावर नको, ढकललं गेलं तर खाली तुकडे. आणि ठेवाल तिथे ऑब्सिडियन इतर खड्यांपासून वेगळा, मऊ कापडाच्या पिशवीत. एकाच डबीत क्वार्ट्‌झ, नीलम, हिरा आणि हा असेल तर ओरखडे नेहमी यालाच पडतात.

शलाका

कपची पाहिली: कड धुरकट तपकिरी, आत आडव्या समांतर रेघा, वाटोळा बुडबुडा एकही नाही. हिरव्यात मात्र सहा-सात टपोरे बुडबुडे. पेंडंट धुतलं, अर्धं धुकं तिथेच गेलं. उरलेल्यासाठी सिरियम आणते. कोंदणाच्या फटीत पूड गेली तर कशी काढायची?

घासकाम

सुकू देऊ नका. सुकली की ती फटीत पांढरट रेघेसारखी घट्ट बसते. टेप काढल्याबरोबर कोमट साबणाच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, मग मऊ दातब्रशने कोंदणाच्या कडेने, खड्यावरून नाही. तरीही राहिली तर लाकडी टूथपिकचं टोक ओलं करून फिरवा. सुई किंवा टाचणी नको.